गव्हाणच्या खाडीतले दात

दातांवरून माणूस ओळखायची रुचिराला सवय होती. बारा वर्षं विचुंब्याच्या दवाखान्यात ती लोकांच्या तोंडात डोकावत आली होती. तंबाखू सोडल्याच्या शपथा घेणाऱ्यांची लबाडी तिला खुर्ची मागे झुकवल्याबरोबर कळायची. पण सासऱ्यांनी जेवायच्या टेबलावर, आमटीच्या वाटीशेजारी आणून ठेवलेला दात काही माणसाचा नव्हता. अंगठ्याच्या पेराएवढा, तिकोनी, काळपट तपकिरी, आणि दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक काकर.

"शार्कचा आहे," अण्णा म्हणाले. "दोन कोटी वर्षं तरी जुना. गव्हाणच्या खाडीकाठी मिळाला."

ही दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून असे अकरा दात घरात आले होते, आणि प्रत्येक दातागणिक रुचिराच्या मनातला संशय वाढत चालला होता.

अण्णा म्हणजे कुमार देवस्थळी. वय एकाहत्तर. पुण्याच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक म्हणून नोकरी केली. बायको, सुमतीबाई, गेल्यावर मुलगा त्यांना विचुंब्याला घेऊन आला. पहिलं वर्ष त्यांनी बाल्कनीत बसून समोरच्या टॉवरचे मजले चढताना बघण्यात घालवलं. शेवटी रुचिराच त्यांना रोज दवाखान्यात घेऊन जाऊ लागली. तिथे बाहेरच्या बाकावर बसून पेशंटना नंबर द्यायचे, एवढंच काम. त्यासाठी त्यांनी पत्र्याचे गोल बिल्ले कापून आणले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नेटके आकडे घातले.

त्याच बाकावर त्यांना जगन घरत भेटला. गव्हाणचा, पन्नाशीचा, हडकुळा माणूस. मिठागर चालू होतं तोवर मिठागरात राबला, आता छोटी होडी आणि मिळेल ते काम. दाढ दुखते म्हणून आला होता. दाढ भरून झाल्यावर त्याने खिशातून एक इवलासा टोकदार दात काढला आणि हसत म्हणाला, "म्याडम, ह्यो पन बगा की. खाडीत घावलाय. कुनाचा आसंल?"

"तो बाहेर अण्णांना दाखवा," रुचिरा म्हणाली होती. म्हणजे सुरुवात तिनेच करून दिली होती.

त्यानंतरच्या शनिवारी अण्णा गव्हाणला गेले, आणि मग दर शनिवार-रविवार जातच राहिले. आपल्याकडचे डोंगर लाव्हारसाचे, त्यात मासे कुठून येणार, एवढं रुचिराला शाळेत शिकवलेलं आठवत होतं. तिने एकदा तसं विचारलंही.

"डोंगर वेगळा आणि खाडीचा गाळ वेगळा," अण्णा म्हणाले. "समुद्राच्या तळातून काय काय वर येतं." मग खाली बघून भात कालवत राहिले.

तिने मोबाईलवर शोधलं तर असे दात पाकिटाने विकत मिळत होते. हुबेहूब असेच. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे मुरतंय याचा तिचा अंदाजही ठरलेला होता. एकटा म्हातारा, शिकवायची हौस असलेला, समोरच्याने 'सर' म्हटलं की फुलणारा. त्याला गंडवायला कितीसा वेळ लागतो?

आता तर प्रकरण आणखी पुढे गेलं होतं. जगनने दातांचे फोटो पुण्याच्या एका संशोधन संस्थेला पाठवले होते आणि तिथली मोनाली नावाची बाई रविवारी जागा बघायला येणार होती. हे ऐकल्यापासून अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. आनंदाने असेल, असं रुचिराला वाटलं.

शुक्रवारी तिने दवाखान्याच्या शटरवर 'दोन दिवस बंद' अशी चिठ्ठी लावली आणि नवऱ्याला, सत्यजीतला, फोन केला. तो कामासाठी बंगळुरूला होता.

"अगं, जाऊ दे ना त्यांना," तो म्हणाला. "चालतात, फिरतात, चार घास जास्त जेवतात. दात खरे असोत नाही तर प्लॅस्टिकचे, आपलं काय जातं?"

"त्यांचं नाव जातं. उद्या ती बाई म्हणेल, चौतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला एवढंही कळलं नाही? मी जाते बरोबर. त्या जगनच्या हातांवर लक्ष ठेवते."

"तू पोलिसात जायला हवं होतंस."

"दातांच्या बाबतीत मी पोलीसच आहे," रुचिरा म्हणाली.

शनिवारी सकाळी ओहोटीची वेळ साधून ती अण्णांना गाडीतून गव्हाणला घेऊन गेली. जगन उरण रस्त्यालाच उभा होता. तिला बघून तो जरा थबकला.

"म्याडम पन आल्या? बरा झाला. या, या."

त्याची आई ठमाबाई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, कानाने ठार बहिरी. तिने कोरा चहा पुढे केला आणि रुचिराकडे टक लावून बघत राहिली. चहा पिऊन होईतो जगनने एक फाईल आणून अण्णांच्या मांडीवर ठेवली.

"सर, तुमाला आज दावतो. त्रेसष्ट सह्या झाल्या."

"कसल्या सह्या?" रुचिराने विचारलं.

"अर्ज हाय. खाडीच्या काठाला आमच्या होड्या लागतात, मासली सुकत घालतो, ती जागा. तिथं भराव टाकायचं चाललंय. आमी नुसतं नाय म्हणून कोन ऐकतंय? आता लिवलंय, इथं कोटी वरसांचे दात हायत, जागा राखून ठेवा."

रुचिराने चहाचा कप खाली ठेवला. आत्तापर्यंत फक्त संशय होता, आता त्याला कारणही मिळालं. जागा वाचवायची म्हणून दात पेरायचे, आणि साक्षीला उभा करायचा एक पांढऱ्या केसांचा सर. तिने अण्णांकडे पाहिलं. फाईल न उघडताच त्यांनी ती जगनला परत दिली.

जागा म्हणजे बंद पडलेल्या मिठागराचा बांध आणि त्याखालचा चिखलाचा पट्टा. तिवरांच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर आलेल्या. काम सोपं होतं. घमेलंभर गाळ काढायचा, चाळणीत घालून पाण्यात हलवायचा, राहील ते निवडायचं. शिंपल्या, खेकड्याच्या नांग्या, फुटक्या बाटल्यांचे तुकडे, बूच, खडे.

"आज मी सांगेन तिथे खणायचं," रुचिरा म्हणाली.

"खना की," जगन म्हणाला.

तिने मुद्दाम लांबलांबच्या तीन जागा निवडल्या. पहिल्या दोन्हींतला गाळ चाळून झाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एकही दात नाही. तिसऱ्या जागेवर गाळाचा ढीग घालून ठेवला आणि सगळे जेवायला बांधावर बसले. जगन पाणी आणायला घरी जाऊन आला. अण्णा पाय आखडले म्हणून तिवरांपर्यंत चालून आले. रुचिराचा फोन वाजला, तेवढ्यापुरती ती पाठमोरी झाली.

जेवणानंतर तिने तोच ढीग स्वतःच्या हाताने चाळला. दुसऱ्याच चाळणीत काळा, तिकोनी दात चमकला.

"घावला!" जगन ओरडला. त्याचा चेहरा खरोखरच उजळला होता. रुचिराला मात्र त्या चेहऱ्याची चीड आली. नाटक तरी चांगलं जमतंय. सकाळभर काही नाही, आणि हा घरी जाऊन आला की लगेच दात?

"जगनभाऊ, तुमची पिशवी बघू."

"आं?"

"पिशवी. काय आहे तिच्यात?"

जगन काही बोलायच्या आत तिने बांधावरची त्याची कापडी पिशवी ओढली. आत भाकरीचं फडकं, कोयता आणि प्लॅस्टिकची एक डबी. डबी हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण काढलं तर मासेमारीचे गळ, लहानमोठे, गंजू नयेत म्हणून तेल लावून ठेवलेले.

जगनने डबी तिच्या हातातून घेतली नाही. त्याने शर्टाचा खिसा उलटा केला, मग पँटचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले आणि ते तसेच लोंबत ठेवून तिच्यासमोर उभा राहिला. तंबाखूची पुडी आणि वीसची नोट चिखलात पडली.

"बगा, म्याडम. नीट बगून घ्या."

"माझा तसा हेतू…"

"तसाच व्हता," तो म्हणाला. "सर, तुमी सांगा यांना. मी पेरीन दात?"

अण्णा चाळणीतला गाळ बोटाने इकडचा तिकडे करत होते. "रुचिरा, पुरे झालं," ते पुटपुटले. त्यांनी मान काही वर केली नाही.

अण्णांना घरी सोडून रुचिरा तो दात घेऊन सरळ दवाखान्यात गेली. शटर अर्धं वर केलं, डोळ्यांवर भिंग चढवलं, दिवा खाली ओढला. विकतचा माल असेल तर त्याला डिंक, पॉलिश, काहीतरी असणारच. ते सापडलं की मोनाली येण्याआधी जगनचं पितळ उघडं पाडता येईल आणि खिशांचं जे झालं तेही मग तितकंसं चुकीचं ठरणार नाही.

दात खरा होता, हे तिला लगेच कळलं. तिने मुळाच्या खोबणीत बारीक सुई फिरवली. थोडा चिखल निघाला, आणि चिखलाखालून पांढरं काहीतरी. टोकाने उकरलं तसा त्याचा पापुद्रा निघाला. रंग होता. कुणीतरी पात्याने खरवडून काढलेला रंग, खोबणीत तेवढा राहून गेलेला. त्या पांढऱ्यावर काळ्या शाईची एक रेघ होती, वर गोल वळून खाली शेपटी सोडलेली. साताचा आकडा.

मग तिने मान वळवली. दाराजवळच्या खिळ्यावर पेशंटांचे बिल्ले लटकत होते. पांढरा ठिपका, त्यावर काळा आकडा. एक, दोन, तीन. सातव्या बिल्ल्यावरच्या साताची शेपटी तशीच जराशी डावीकडे वळलेली होती.

घरी आली तेव्हा अण्णा बाल्कनीत होते. समोर चहा गार झालेला.

"अण्णा, तुमच्या ट्रंकेची किल्ली द्या."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जानव्याला बांधलेली किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली. खाटेखालच्या ट्रंकेत, सुमतीबाईंच्या दोन साड्यांखाली, एक लाकडी खोका होता. आत साठ खण, प्रत्येकात कापूस. बारा खण रिकामे होते. बाकीच्यांत दात होते, आणि प्रत्येक दातावर पांढरा ठिपका आणि आकडा.

खोका घेऊन ती बाल्कनीत आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. अण्णाच बोलले.

"कच्छमधले आहेत. सत्त्याऐंशी साली मुलांची सहल घेऊन गेलो होतो. दातांचा तो थर मला सापडला. सकाळी लवकर उठून एकटा हिंडत होतो तेव्हा. आमच्या विभागाच्या सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, बाहेरच्या देशात छापून आला. शेवटी आभार मानलेत. जीपच्या ड्रायव्हरचे आणि माझे, एका ओळीत."

"म्हणून तुम्ही…"

"नाही, नाही. त्याचं काही नाही. विभाग बंद झाला तेव्हा सगळे खोके भंगारात चालले होते, त्यातला हा एक मी उचलला. तीस वर्षांत कुणी उघडला नव्हता." ते थांबले. "जगनला सापडलेला तो दात आताचाच होता गं. इथल्या मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा. मी गव्हाणला जाऊन त्याला तेच सांगितलं. पण सांगता सांगता मुशी कशी असते, तिचे दात कसे पडतात, किती जुनी जात, असं बोलत गेलो आणि बघता बघता ओट्यावर वीस माणसं जमली. पोरं, बाया, म्हातारे. सगळे मला 'सर' म्हणत होते. कॉलेजात मला कुमार म्हणायचे. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, तर तेवढीच माणसं वाट बघत बसलेली. आणि माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं."

"म्हणून एक नेलात."

"एकच नेला होता. मग थांबता आलं नाही. अर्जाचं मला आज कळलं. त्या बाईला बोलावलंय हे मागच्या आठवड्यात."

"जगनला माहीत आहे?"

"त्याला काही माहीत नाही."

रुचिराला बांधावरचे ते लोंबते खिसे दिसले. "अण्णा, मी आज त्या माणसाला नागडा केल्यासारखा उभा केला. तुम्ही समोर होतात."

"बघत होतो."

"आणि गप्प बसलात."

"हो," अण्णा म्हणाले.

तिला ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "उद्या ती बाई यायच्या आधी तुम्ही स्वतः जगनला सांगायचं. मी बाजूला उभी राहीन, पण बोलणार नाही."

"सोमवारी सांगितलं तर? ती बाई उद्या बघून जाईल, काही नाही म्हणेल, आपोआपच…"

"तिला फसवायला तुम्हाला अजून हवाय का एक दिवस?"

अण्णा उठले आणि उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला आत गेले.

रविवारी साडेआठला ते गव्हाणला पोचले तेव्हा ओटा सारवलेला होता. पाहुणीसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नारळ, शाल. आठदहा माणसं आधीच जमलेली. जगनने अण्णांना नमस्कार केला आणि रुचिराच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं.

अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच, प्रयोगशाळेत सूचना वाचून दाखवावी तसे, सांगत गेले. दात कच्छचे. मी आणले. मी पुरले. जगनचा यात काही संबंध नाही. काल सुनेने त्याची झडती घेतली तेव्हाही मी बोललो नाही. पाच मिनिटांत सांगून झालं.

ठमाबाईला ऐकू आलं नव्हतं, पण लोकांचे चेहरे दिसत होते. ती मुलाची बाही ओढून विचारू लागली, काय झालं, कोन गेलं?

"दात खोटं हायत, आये!" जगन तिच्या कानाशी ओरडला.

"आं?"

"खोटं! सरांनी आनून टाकलं! खोटं!"

सबंध आळीला ऐकू गेलं. अण्णांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी घातली. शिवा कोळी नावाचा म्हातारा उठला, आपण आणलेल्या शालीची घडी काखेत मारली आणि चालता झाला.

"जगनभाऊ," रुचिरा पुढे झाली, "काल मी जे केलं…"

"तुमचं सोडा, म्याडम. तुमी मना वळकत नव्हता. वळकत नाय त्याची पिशवी मानूस बगतो." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "पन यांना मी दोन महिनं घरचा भात घातलाय. काल मी यांनाच बोललो, सर, तुमी सांगा."

एवढं बोलून तो आत गेला तो मोनाली येईपर्यंत बाहेर आला नाही.

मोनाली साडेदहाला आली. तिशीची, टोपी घातलेली, बूट चिखलाच्या तयारीने आणलेले. अण्णांनी तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. तिने खोका उघडून एकेक दात हातात घेतला, उजेडात धरला.

"दात उत्तम आहेत," ती म्हणाली. "दात खरे, जागा खोटी. आमच्या कामात जागा खोटी असली की बाकी सगळ्याला काही अर्थ उरत नाही."

"मूळ जागा मी सांगू शकतो," अण्णा घाईने म्हणाले. "प्रत्येक आकडा कुठल्या थरातला, ते माझ्या पाठ आहे. नोंदवही भंगारात गेली, पण मला पाठ आहे. लिहून घ्या तुम्ही."

मोनालीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कीव होती आणि तिने ती लपवली नाही. "काका, कालपर्यंत तुम्ही सांगितलं असतं तर मी एकेक शब्द लिहून घेतला असता. आता कशाच्या जोरावर लिहू?"

अण्णांनी खोका तिला देऊन टाकला. मुलांना दाखवायला उपयोगी पडेल, एवढं म्हणून तिने तो घेतला. जगनचा पहिला दातही तिने बघितला. आताच्या मुशीचाच, असं सांगितलं. जगनने तो परत खिशात टाकला.

ती गेल्यावर जगनने फाईल आणून अण्णांपुढे धरली. "ह्याचं काय करायचं? त्रेसष्ट जनांनी सही केलीय. उद्या लोक म्हंतील, गव्हाणवाल्यांनी जागेसाठी दात पेरलं. आमचं नाव तसंच घेतील. म्याडमनी घेतलंच की."



"मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगतो," अण्णा म्हणाले.

"त्रेसष्ट घरं हायत."

"जातो."

"जावा मंग," जगन म्हणाला. बरोबर येतो म्हणाला नाही.

त्रेसष्ट घरांना चार आठवडे लागले. शनिवारी दुपारी दवाखाना मिटला की रुचिरा अण्णांना गव्हाणला न्यायची. यादी हातात घेऊन ते दार वाजवायचे, स्वतःचं नाव सांगायचे आणि तेच पाच मिनिटांचं सगळं पहिल्यापासून सांगायचे. ती फाटकाशी उभी राहायची. एका घरात त्यांना बसा म्हणाले. एका घरात पुरतं ऐकून न घेताच दार लावलं. एका बाईने, म्हणजे अजून आमच्याकडून काय पायजे, असं तीनदा विचारलं, कारण एवढ्या लांबून कुणी नुसतं खोटं बोललो हे सांगायला येईल यावर तिचा विश्वास बसेना. एक तरुण मोबाईल समोर धरून म्हणाला, परत बोला, रेकॉर्ड करतो. अण्णा परत बोलले. त्या दिवशी गाडीत बसल्यावर ते घरी पोचेपर्यंत काचेतून बाहेर बघत होते, आणि रुचिराने पहिल्यांदा त्यांना विचारलं, उरलेली घरं सोडून द्यायची का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

शिवा कोळ्याचं घर सगळ्यात शेवटी होतं. त्याने सगळं ऐकलं आणि दातकोरणं तोंडातून काढलं. "मी काय दातासाठी सही नाय केली. जगन्या बोलला म्हणून केली. मुशी मी हातानं धरल्यात, मना कोन शिकवनार तिचा दात?"

"तुम्हाला माहीत होतं?" अण्णांनी विचारलं.

"संशय व्हता. पन तुमचा बोलना बरा वाटायचा."

त्याच संध्याकाळी, ते गाडीकडे निघाले असताना, जगन वाटेत आडवा आला. महिन्याभरात तो त्यांच्याशी बोलला नव्हता. हातात कोरे कागद होते.

"तुमचं अक्षर चांगलं हाय," तो अण्णांना म्हणाला. सर म्हणाला नाही. "अर्ज परत लिवायचा हाय. दातांचं काय नाय घालायचं. हाय तेवढंच लिवायचं."

ओट्यावर बसून जगनने सांगायचं आणि अण्णांनी लिहायचं असं सुरू झालं. किती होड्या लागतात, मासळी कुठे सुकते, भरतीचं पाणी कुठवर चढतं, भराव पडला तर ते कुणाच्या दारात शिरेल. जगन दर दोन ओळींनी थांबवायचा.

"काय लिवलं, वाचा."

अण्णा वाचायचे.

"मी बोललो तेवढंच हाय ना? वरचं काय घातलं नाय?"

"तेवढंच आहे."

तरी त्याचं समाधान होईना. तो कागद उचलून उजेडाला धरायचा, स्वतः अक्षर लावून बघायचा. पान पुरं झालं तेव्हा त्याने ते रुचिराच्या हातात दिलं. "म्याडम, तुमी वाचा. मोठ्यानं."

रुचिराने वाचायला सुरुवात केली. अण्णा हातात पेन धरून, परीक्षेला बसल्यासारखे, ऐकत होते. चौथ्या ओळीत 'बावीस होड्या' आलं तसा जगनने हात वर केला.

"एकोनीस. तीन मोडल्यात, बांधावर पडून हायत."

"तू मघाशी बावीस म्हणालास," अण्णा म्हणाले.

"म्हणलो असंल. पन पान्यात जातात त्या एकोनीस."

अण्णांनी कागद मागून घेतला, बावीस खोडलं आणि वर एकोणीस लिहिलं. मग पान पुन्हा रुचिराकडे दिलं, आणि जगनने तिला पहिल्या ओळीपासून परत वाचायला लावलं.